यांत्रिक रंधा : ओळख आणि निवड

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहायचे म्हणजे कविता, ललितलेख किंवा फार तर एखाद्या कादंबरीचे रसग्रहण, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. त्या समजुतीला धक्का देण्याचा माझा हेतू नाही. परंतु गेले सहा महिने आमच्या घरात जेवताखाताना ज्या एका विषयाची चर्चा चालली आहे तो विषय 'विजेवर चालणारा रंधा कोणता घ्यावा' हा आहे. त्या निमित्ताने मी जे वाचले, दुकानांतून विचारले आणि प्रत्यक्ष पाहिले ते लिहून काढावे असे वाटले. आपल्या महाविद्यालयात सुतारांची, गवंड्यांची, रापणकरांची मुले थोडीथोडकी नाहीत. शिवाय मालवणसारख्या ठिकाणी ज्याचे घर आहे, मग तो प्राध्यापक का असेना, त्याचे एखादे तरी दार जुलै महिन्यात चौकटीत अडकतेच. तेव्हा हा विषय आपल्यापैकी कोणालाच अगदी परका नाही.

माझे वडील सुतार. आजोबा होड्या बांधीत असत. फायबरच्या होड्या आल्या तसे किनाऱ्यावरचे लाकडी होड्यांचे काम कमी होत गेले आणि बाबा दारे, खिडक्या, देव्हारे, पाट या कामांकडे वळले. आता त्यांचे वय चौपन्न आहे. उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतो. डॉक्टरांनी 'खांद्याला विश्रांती द्या' असे सांगितले. पण सुताराच्या खांद्याला विश्रांती म्हणजे चुलीलाही विश्रांती, हे डॉक्टरांना कोणी सांगायचे? घरात मी कॉलेजात जाणारी पहिलीच. धाकटा भाऊ बारावीला आहे आणि सुट्टीत बाबांच्या हाताखाली काम करतो. यंत्र घ्यावे हे भावाचे म्हणणे, घेऊ नये हे बाबांचे, आणि घ्यायचेच तर नीट पाहून घ्यावे हे माझे. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने हिशेबाचे काम माझ्याकडे आले.

प्रथम रंधा म्हणजे काय ते पाहू. करवतीने कापलेली फळी खडबडीत असते, कुठे उंच तर कुठे सखल असते. तिचा उंच भाग पातळ सालीच्या रूपाने काढून टाकून ती सपाट व गुळगुळीत करायची हे रंध्याचे काम. हातरंध्यात लाकडाचा एक ठोकळा, त्यात तिरपे बसविलेले पोलादी पाते आणि पाते घट्ट धरून ठेवणारी पाचर, एवढाच सगळा संसार. परंतु ही वस्तू फार जुनी आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात सुताराचे रंधे सापडले आहेत, आणि त्यांची मूळ रचना आजच्या रंध्याहून फार वेगळी नाही. रंधण्याचे काम यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम याने १७९१ साली रंधण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने १८२८ साली. ही यंत्रे मोठी, एका जागी बसवायची. फळी यंत्राकडे न्यावी लागे. हातात धरून यंत्रच फळीवर फिरवावे ही गोष्ट त्या मानाने अलीकडची. जपानमधील माकिता कंपनीने १९५८ साली हातात धरण्याचा विजेवरचा रंधा बाजारात आणला. आपल्याकडे असा रंधा आता गावोगावच्या फर्निचरवाल्यांकडे दिसतो.

याची रचना मी भावाच्या मदतीने आमच्या ओळखीच्या एका सुतारकाकांकडील यंत्र उघडून पाहिली. (प्लग काढून, हे सांगायला नको.) बाहेरून तो इस्त्रीसारखा दिसतो. खाली दोन धातूचे तळ असतात, एक पुढचा व एक मागचा. दोहोंच्या मध्ये एक आडवा रूळ असतो आणि त्या रुळात बहुधा दोन पाती बसविलेली असतात. मोटर एका रबरी पट्ट्याने हा रूळ फिरवते. हातरंध्यातले पाते स्थिर असते आणि माणूस ते लाकडातून ढकलतो. इथे मात्र पातेच गरगर फिरून लाकडाचे लहान लहान तुकडे उडविते. म्हणूनच हातरंध्यातून जशा लांब, कुरळ्या, सुवासिक साली निघतात तशा यातून निघत नाहीत, नुसता चुरा निघतो. लहानपणी त्या सालींच्या बांगड्या करून आम्ही खेळत असू. यंत्र आले की शेजारच्या मुलींचा तो खेळ संपणार, हा एक तोटा हिशेबात धरलेला नाही.

आता या रचनेतील जी एक गोष्ट समजली की बाकी सर्व समजते ती सांगते. मागचा तळ स्थिर असतो. पुढचा तळ मात्र समोरची गोल मूठ फिरवून वरखाली करता येतो. पाती फिरताना ज्या सर्वांत खालच्या बिंदूला येतात, बरोबर त्याच पातळीत मागचा तळ असला पाहिजे. पुढचा तळ त्याहून जेवढा वर उचलावा तेवढ्या जाडीचे लाकूड निघते. पुढचा तळ न रंधलेल्या लाकडावर चालतो, मागचा तळ नुकत्याच रंधलेल्या लाकडावर टेकतो. पाती मागच्या तळापेक्षा किंचित जरी खाली उतरली असतील तर फळीच्या शेवटी, पुढच्या तळाचा आधार सुटताच, खड्डा पडतो. पाती वर राहिली असतील तर मागचा तळ लाकडावर चढतो आणि कापणे हळूहळू बंद पडते. म्हणजे या यंत्राचा सगळा खरेपणा मागचा तळ आणि पाती यांच्या मेळावर अवलंबून आहे. खोक्यावर मोटरची शक्ती ठळक अक्षरांत छापलेली असते. हा मेळ मात्र कुठेच छापलेला नसतो. तो दुकानात आपणच पाहायचा. एक सरळ पोलादी पट्टी मागच्या तळावर धरावी आणि रूळ हाताने सावकाश फिरवावा. दोन्ही पाती पट्टीला नुसती शिवून गेली पाहिजेत, डावीकडेही आणि उजवीकडेही. तीच पट्टी पुढच्या मुठीवरचा आकडा शून्यावर आणून दोन्ही तळांवर मिळून धरावी. मधून उजेड दिसता कामा नये. कुडाळच्या बाजारात एका दुकानदाराने मला 'ताई, ही काय परीक्षा घेताय?' असे हसून विचारले. परीक्षेलाच आले होते. त्याने दाखविलेल्या तीन यंत्रांपैकी एकाच्या तळांमधून उजेड स्पष्ट दिसत होता, आणि नेमके तेच सर्वांत स्वस्त होते.

रुंदीविषयी फारसा विचार करावा लागत नाही. बाजारातील बहुतेक यंत्रे ८२ मिलिमीटर म्हणजे सव्वातीन इंच रुंद लाकूड रंधतात. दाराच्या कडेला, चौकटीच्या बाहीला ती रुंदी पुरते. नऊ इंची फळीला तीन-चार पट्ट्यांत रंधावे लागते आणि प्रत्येक पट्ट्याच्या कडेला एक बारीक रेघ उठते. ती शेवटी हातरंध्यानेच घालवावी लागते.

खोलीविषयी मात्र लोक फसतात. एका वेळी १ मिलिमीटर, २ मिलिमीटर, काही यंत्रांत ३ मिलिमीटरपर्यंत लाकूड काढता येते असे आकडे असतात आणि जास्त आकडा म्हणजे जास्त चांगले यंत्र असा समज होतो. माझा भाऊही ३ मिलिमीटरवाल्याच्याच प्रेमात होता. पण सागाच्या किंवा किंजळीच्या फळीवर पूर्ण रुंदीने २ मिलिमीटर काढू गेल्यास लहान मोटर गुदमरते, आणि मोठी मोटर गुदमरली नाही तरी लाकूड फाटते. हाताला दिसणारे, ग्राहकाच्या डोळ्यांत भरणारे काम अर्ध्या मिलिमीटरच्या आतच होते. माझ्या मते खोलीचा कमाल आकडा पाहण्यापेक्षा पुढची मूठ फिरविताना प्रत्येक टप्पा 'टक्' असा स्पष्ट लागतो की नाही आणि लागलेला टप्पा काम करताना ढळत नाही ना, हे पाहणे जास्त महत्त्वाचे. जुन्या, सैल मुठीच्या यंत्रावर अर्धा मिलिमीटर लावला आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला तो पाऊण झाला, असे होते.

गतीचा हिशेब मला फार आवडला म्हणून थोडा विस्ताराने देते. या यंत्राचा रूळ मिनिटाला साधारण १६,००० फेरे घेतो. पाती दोन, म्हणजे मिनिटाला ३२,००० घाव. आपण यंत्र मिनिटाला ४ मीटर या वेगाने पुढे सरकविले तर ४,००० मिलिमीटर भागिले ३२,०००, म्हणजे प्रत्येक घाव सव्वा दशांश मिलिमीटर अंतरावर पडतो. डोळ्यांना ते दिसतही नाही. तेच घाईने मिनिटाला १२ मीटर ढकलले तर हे अंतर तिप्पट होते आणि तिरप्या उजेडात फळीवर बारीक लाटा दिसू लागतात, ओहोटीच्या वाळूवर दिसतात तशा. दोन पात्यांपैकी एक पाते थोडे आत बसले असेल तर प्रत्यक्षात एकच पाते कापते, आणि सावकाश ढकलूनही लाटा दिसतात. तेव्हा लाटा दिसल्या की यंत्राला दोष देण्यापूर्वी आपला वेग आणि पात्यांची पातळी या दोन गोष्टी तपासाव्यात.

आता आमच्या घरातील खऱ्या वादाकडे येते. बाबांचा यंत्राला विरोध पैशासाठी नव्हता. त्यांचे म्हणणे असे की फणसाला हे यंत्र चालणार नाही. आमच्या पडवीत आज ज्या फळ्या उभ्या आहेत त्यांतील बऱ्याचशा तौक्ते वादळात पडलेल्या फणसांच्या आहेत. १६ मे २०२१ रोजी ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा गावोगाव आंबे-फणस उन्मळून पडले. ते लाकूड आता चांगले वाळले आहे. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते, पुढे तपकिरी होत जाते, देव्हाऱ्याला त्यासारखे दुसरे नाही. पण त्यात तंतूंची दिशा, जिला बाबा 'नस' म्हणतात, ती एकाच फळीत उलटसुलट जाते. एका पट्ट्यात नस आपल्याकडे येते, शेजारच्या पट्ट्यात दूर जाते. नस उतरत असेल त्या दिशेने पाते चालविले तर लाकूड गुळगुळीत निघते. उलट चालविले तर पाते तंतूंच्या खाली शिरून ते उपटून काढते. हातरंधा चालविताना हे हाताला आधीच कळते, आवाज बदलतो, हात थांबतो. 'नस बघल्याशिवाय रंधो लावू नको' हे वाक्य आम्ही भावंडांनी बाराखडीच्या आधी ऐकले असेल. यंत्र मात्र एका सेकंदात शेकडो घाव घालून मोकळे होते. 'यंत्राक हात असतत, डोळे नसतत,' असे बाबा म्हणाले.

यावर वादविवाद करण्यात अर्थ नव्हता. आम्ही त्या सुतारकाकांचे यंत्र एक दिवसासाठी मागून आणले आणि फणस, आंबा, साग व किंजळ अशा चार फळ्यांवर चालवून पाहिले. साग सरळ नसेचा, त्यावर यंत्र लोण्यासारखे चालले. किंजळ कठीण, तिथे खोली कमी करावी लागली, पण काम नीट झाले. रायवळ आंब्याचे तंतू मऊ, ते जागोजागी उभे राहिले आणि पृष्ठभाग लोकरीसारखा झाला. पात्याला नवी धार असती तर एवढे झाले नसते असे बाबांचे मत पडले. फणसावर अर्धा मिलिमीटर लावला तेव्हा बाबांचे भाकीत खरे ठरले, दोन ठिकाणी तंतू उपटून आले. मग बाबांनी स्वतः मूठ फिरवून खोली अगदी कमी केली, यंत्र फळीच्या कडेशी थोडे तिरपे धरले, आणि सावकाश चालविले. फाटणे पुष्कळ कमी झाले. उरलेले त्यांनी हातरंध्याने दहा मिनिटांत घालविले. त्या संध्याकाळी ते एवढेच म्हणाले, 'खडबडीत कामाक बरा आसा.' आमच्या घरात ही मान्यताच समजावी.

या प्रयोगातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. यंत्राने हातरंधा जाणार नाही, हातरंध्याचे काम वेगळे होणार. फळीची पहिली जाडी उतरविणे, करवतीचे व्रण घालविणे, दार चौकटीत बसेपर्यंत कड काढणे, हे दमविणारे काम यंत्राचे. शेवटचा हात फिरविणे आणि फळी सरळ रेषेत आणणे हे हातरंध्याचे. सरळ रेषेचे कारण असे की यंत्राचा एकूण तळ जेमतेम एक फूट लांब असतो. सहा फुटी फळीत मधोमध उथळ खोलगा असेल तर फूटभर लांबीचे यंत्र त्या खोलग्यातून होडीसारखे खालीवर होत जाते. फळी गुळगुळीत होते पण सरळ होत नाही. लांब हातरंधा मात्र खोलग्यावरून पुलासारखा जातो आणि फक्त उंच टोके कापतो. ज्यांना दोन फळ्या कडेला कड जोडून देव्हाऱ्याची पाठ करायची आहे त्यांनी एवढ्यासाठी तरी बापजाद्यांचा लांब रंधा विकू नये. तसेच फूटभराहून लहान तुकड्यावर हे यंत्र चालवूच नये. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणाऱ्या लाकडी खेळण्यांसारख्या बारीक कामाला त्याचा काही उपयोग नाही. तुकडा उडतो आणि बोट जाते.

पात्यांचे दोन प्रकार आहेत. एक साध्या पोलादाचे, जे दगडावर पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येते. दुसरे कार्बाइडचे, बारीक पट्टीसारखे, दोन्ही कडांना धार असलेले. एक कड बोथट झाली की उलटून लावायचे, दुसरीही गेली की टाकून द्यायचे. धार लावण्यात बाबांचा हात बसलेला, त्यामुळे त्यांचा ओढा पोलादी पात्याकडे. पण दोन पाती अगदी सारखी घासली गेली पाहिजेत. एक हलके व एक जड झाले तर एवढ्या वेगाने फिरणारा रूळ थरथरू लागतो आणि ती थरथर पुन्हा खांद्यातच जाते. शिवाय सागाच्या लाकडात निसर्गतःच वाळूच्या जातीचे बारीक कण असतात, ते धार लवकर खातात. आमच्याकडे येणारे निम्मे काम जुन्या दारांचे, आणि जुन्या दारात खिळा कुठे दडला असेल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. खिळ्यावर आपटले तर कोणतेही पाते खांडते. पण कार्बाइडचे पाते पाच मिनिटांत उलटून लावता येते, पोलादी पात्याची खांड घासून काढायला सकाळ जाते. म्हणून मी कार्बाइडच्या बाजूने मत दिले. ती पाती आपल्या तालुक्याच्या गावात मिळतात की नाही हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे. पात्यासाठी, रबरी पट्ट्यासाठी किंवा मोटरच्या कार्बन ब्रशसाठी दर वेळी कोल्हापूर वा पणजी गाठावी लागणार असेल तर ते यंत्र कितीही नामांकित असले तरी आपल्या उपयोगाचे नाही. मला विचाराल तर मोटरच्या आकड्याआधी हा प्रश्न विचारावा.

विजेची गोष्ट थोडक्यात सांगते. ६५० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे तीन अँपियर वीज घेते, म्हणजे घरातला साधा प्लग पुरतो. तासभर सलग चालले तरी पाऊण युनिटही जळत नाही. अडचण वायरीची असते. ग्राहकाच्या अंगणात पन्नास फूट लांब बारीक वायर ओढून यंत्र लावले, त्यात पावसाळ्यातला कमी दाब, की मोटर तापते. वायर जाड घ्यावी, सोडून पूर्ण उलगडावी. अलीकडे बॅटरीवर चालणारे रंधे आले आहेत. तौक्तेनंतर कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती हे आठवले की ते बरे वाटतात. पण बॅटरीसह त्यांची किंमत बरीच वर जाते, आणि वीज नसेल तर बॅटरी तरी कुठे भरणार?

दारांविषयी एक सूचना प्राध्यापकवर्गासाठी मुद्दाम करते. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून दार कडेला अडकते. जुलैत वैतागून ते भरपूर रंधून घेतले तर मार्चमध्ये त्याच कडेला करंगळी जाईल एवढी फट दिसते. यंत्र हातात असले की हा मोह जास्त होतो, कारण दोन फेऱ्यांत दोन मिलिमीटर निघून जातात. जेथे घासते तेथेच खडूची खूण करून तेवढेच काढावे, आणि रंधलेली कोरी कड पाऊस उघडताच तेल किंवा रंग देऊन बंद करावी. दाराची वरची-खालची कड रंधताना उभ्या लाकडाचे तंतू तोडून आडवे कापावे लागतात. तिथे एका बाजूने सरळ पार गेल्यास शेवटचा कोपरा ढलपीसह फुटतो. दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत यावे.

सुरक्षिततेविषयी मी बाबांपेक्षा भावाला उद्देशून अधिक बोलत असते. रुळाचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर पात्याची धार ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने फिरत असते. बटण सोडल्यावरही रूळ काही सेकंद फिरत राहतो. तेवढ्यात यंत्र खाली ठेवले तर ते जमिनीवर धावते किंवा स्वतःचीच वायर कापते. काही यंत्रांना मागच्या बाजूस एक लहान पाय असतो. यंत्र ठेवताच तो खाली येऊन पाती जमिनीपासून उचलून धरतो. हा पाय असलेलेच यंत्र घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. वायर नेहमी खांद्यावरून मागे सोडावी. दोन्ही हात दोन्ही मुठींवर असावेत. डावा हात फळी धरायला मोकळा ठेवला की घात होतो, म्हणून फळी आधी शिकंजात आवळावी. चुरा अडकला म्हणून बोट घालू नये, प्लग काढून काडीने काढावा. बाबांना लुंगी नेसून काम करण्याची सवय आहे, तिच्याविषयी बोलणी चालू आहेत. चुऱ्याबरोबर जी बारीक धूळ उडते ती नाकातोंडात जाऊ देणे बरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग घडविणाऱ्या गोष्टींत केली आहे. यंत्राला चुऱ्याची पिशवी लावण्याची सोय असते ती वापरावी, आणि नाकाला फडके तरी बांधावे.

आता पैसा. दुकानांतून मला तीन-चार हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत किमती सांगण्यात आल्या. समजा यंत्र आठ हजारांचे आहे. समजा त्याने दिवसाला दोन तास वाचतात, आठवड्यातून तीन दिवस रंधण्याचे काम असते आणि सुताराच्या एका तासाचे शंभर रुपये धरले. मग आठवड्याला सहाशे रुपये, म्हणजे चौदा आठवड्यांत यंत्र फिटले. मी हा हिशेब घरी मोठ्या अभिमानाने वाचून दाखविला. आईने शांतपणे विचारले, 'ते वाचलेले तास घेतलो कोण?' हा प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकात असायला हवा होता. वाचलेल्या वेळाला दुसरे काम मिळाले तरच त्याचे पैसे होतात. पावसाळ्यात काम मंदावते. प्लायवूडची व तयार दारे शहरातून येऊ लागल्यापासून रंधायचे लाकूडही कमी झाले आहे. शिवाय यंत्र दिसताच ग्राहक म्हणतो, 'आता तुम्हांला काय, मशीन आहे,' आणि मजुरी कमी करतो. तेव्हा बाबांनी मजुरी दिवसावर न सांगता दार किंवा खिडकी अशा नगावर सांगावी, असे आम्ही ठरविले आहे.

मदतीची एक वाट आहे. केंद्र शासनाची पी. एम. विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत अठरा व्यवसाय असून सुतार आणि होडी बांधणारे असे दोन्ही त्यांत आहेत. कुटुंबातील एकाच व्यक्तीला नाव घालता येते. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. होडी बांधणाऱ्या आजोबांचा व्यवसाय सरकारी यादीत पाहून बाबांना बरे वाटले. नाव मात्र त्यांनी 'सुतार' म्हणूनच घालायला सांगितले. अर्ज मी भरला आहे. कर्ज नको यावर घरात एकमत आहे.

आमची निवड अशी झाली : ८२ मिलिमीटर रुंदीचे, साडेसहाशे वॉटच्या आसपासचे, वजनाने तीन किलोच्या आतले, कार्बाइडची पाती व मागे पाय असलेले यंत्र. ३ मिलिमीटर खोलीवाले यंत्र शक्तीने जास्त होते, पण ते चार किलोला टेकत होते. बाबांनी दुकानात ते एका हाताने उचलून पाहिले, काही न बोलता परत ठेवले, आणि भावानेही मग हट्ट धरला नाही. चौकटीच्या छताजवळच्या कामात यंत्र खांद्याच्या वर धरावे लागते. तिथे एक किलोचा फरक दुप्पट वाटतो. हातरंधे तिन्ही राहणार आहेत. खरेदी गणपतीपूर्वी करायची आहे, कारण त्या दिवसांत गावात मखराची, देव्हाऱ्यांची आणि मुंबईकर येण्याआधी दारे उघडी करून ठेवण्याची कामे निघतात. यंत्र घ्यायला पोलादी पट्टी घेऊन मीच जाणार आहे.